गाडीखाली पहिला माणूस

उचललेल्या गाडीखाली नाना घाडी सगळ्यांच्या आधी जात. गाडी टॅक्सी असो, टेम्पो असो, नाहीतर एखाद्या डॉक्टरची नवी मोटार असो. ती जॅकवर चढली आणि घोड्यांवर बसली की मेकॅनिकने पाना हातात घेण्यापूर्वी नाना जमिनीवर गोणपाट पसरत, तिच्याखाली सरकत आणि उताणे पडून राहत. तिथे ते काहीही करत नसत. एक कप चहा पिऊन व्हावा इतका वेळ गेला की बाहेर येत, पाठ झटकत आणि म्हणत, "जा आता."

उचललेल्या गाडीचं वजन ज्या लोखंडी तिवयांवर ठेवतात त्यांना गॅरेजात घोड्या म्हणतात. जॅक उचलतो, घोडी धरते. उचलणं आणि धरणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं करणाऱ्यावर दुसरं सोपवू नये, हा नानांच्या कामाचा पाया होता. त्यांच्याकडे याहून मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. असलं तरी मी ऐकलं नाही.

माझी त्यांची ओळख गिरण्यांच्या संपात झाली. मी तेव्हा एका मराठी दैनिकासाठी गिरणगावच्या बातम्या करत होतो. एका बंद गिरणीतून यंत्रं हलवली जात असल्याची बातमी मी दिली होती. दुसऱ्या दिवशी लालबागच्या एका हॉटेलात चहा घेत असताना पांढरा लेंगा आणि खाकी शर्ट घातलेला, बुटका, रुंद मनगटांचा माणूस समोर येऊन बसला. त्याने माझ्या बातमीचं कात्रण टेबलावर ठेवलं. कात्रण पट्टीने फाडल्यासारखं सरळ होतं.

"पेपरवाले ना तुम्ही? हे तुम्ही लिहिलंय?"

मी हो म्हटलं.

"पाच टनांचं यंत्र आठ माणसांनी उचललं, असं लिहिलंय. आठ माणसं पाच टन उचलत नाहीत."

"मग?"

"पहारीने एक बाजू टेकवली असेल. खाली पाइप घातले असतील. मग ढकललं. यंत्र जमिनीपासून दोन बोटांवर गेलं नसेल."

"तुम्ही तिथे होता?"

"नव्हतो. पण माणसं आमचीच असणार."

ते गिरणीत खलाशी होते. यंत्रं, बॉयलरचे भाग, मोठमोठी चाकं, जे जे जड असेल ते एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणाऱ्या टोळीला गिरणीत खलाशी म्हणत. समुद्राशी त्यांचा संबंध इतकाच की बहुतेक जण कोकणातले. नाना मालवणजवळचे. मी कचेरीत परतून 'उचललं'च्या जागी 'सरकवलं' अशी दुरुस्ती छापायला दिली. ती छापून आली नाही. नानांनी पुढचे आठ दिवस रोज पेपर पाहिला आणि नवव्या दिवशी मला सांगितलं की पाहणं थांबवलं आहे.

गाडीखाली आधी जायचा नियम त्या टोळीचाच. ज्याच्या हातात साखळी, तो वजनाखाली पहिला. वजन टांगलं, की साखळी ओढणारा मुकादम स्वतः खालून एकदा चालत जाई. त्यानंतरच बाकीच्यांनी हात लावायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. नानांच्या मते लिहिलेला नव्हता म्हणूनच पाळला जात होता.

साच्याच्या खात्यात मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून टोळीचं काम हातांच्या खुणांवर चाले. तर्जनी वर म्हणजे उचला, तळहात खाली म्हणजे सोडा, आणि बंद मूठ म्हणजे थांबा. बंद मुठीवर प्रश्न विचारायचा नसे. आधी थांबायचं आणि मग कारण शोधायचं. नानांनी या खुणा गिरणीबाहेर आणल्या. चाळीत नळावर भांडण लागलं आणि नानांनी जिन्यावरून मूठ दाखवली, तर बायका क्षणभर खरोखरच थांबत. मग हसत आणि पुन्हा सुरू होत.

त्यांच्या खिशात बेअरिंगची एक पोलादी गोळी असे, बोराएवढी. कुठेही गेले की ती जमिनीवर ठेवायची आणि कुठे घरंगळते ते पाहायचं. माझ्या ठाकूरद्वारच्या खोलीत ती पलंगाखाली गेली. "तुमची इमारत पश्चिमेला झुकलीय," त्यांनी सांगितलं. दादरच्या एका कार्यालयात लग्नाला गेले असताना ती गोळी अंतरपाटाखालून थेट भटजींच्या पायाशी गेली. मुलीकडच्यांना तो काही विधी वाटला. त्यांच्या बायकोने, शालिनीवहिनींनी, त्यानंतर लग्नाला जाताना खिसे तपासायची पद्धत ठेवली.

एक प्रसंग मी स्वतः पाहिला. त्यांच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर सीतामावशी न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड गेलं. बाई अंगाने भरपूर. परळच्या इस्पितळात न्यायचं होतं आणि जिना अरुंद. चार तरुण बाह्या सरसावून उभे होते. नानांनी मूठ दाखवली. मग आत जाऊन विचारलं, "मावशी, खय दुखता? डावीकडे की उजवीकडे?"

"उजवीकडे. तू काय डॉक्टर?"

"उजवी बाजू वर ठेवूक होयी. म्हणान विचारतंय."

त्यांनी खोलीचं एक दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, त्यावर गादी घातली, मावशींना तीन जागी लुगड्यांनी बांधलं आणि गोळी जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून पाहिली. उतरायला बराच वेळ लागला. दर वळणावर नाना थांबवत. दुसऱ्या मजल्यावर मावशी ओरडल्या, "मेल्या, मी काय बॉयलर आसंय?"

"नाय," नाना म्हणाले. "बॉयलर गप बसता."

त्या वेदनेतही मावशी हसल्या, आणि हसू नका, दार हलतं, म्हणून नानांनी त्यांना दटावलं.

विश्राम परब हा नानांचा टोळीतला जोडीदार. गाव शेजारचं, भरतीही एकाच वर्षाची. संपाचे महिने वाढत गेले तशी गिरणगावातली माणसं मिळेल ते काम करू लागली. या दोघांनी चिंचपोकळीला, लहान कारखान्यांच्या ओळीत, रस्त्याच्या कडेला टॅक्सी दुरुस्त करायला सुरुवात केली. विश्रामला इंजिनाचं कळत होतं. उचलण्याचं काम नानांचं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तिघांकडून स्वतंत्रपणे ऐकलं आणि तिघांचं जुळलं. एका टॅक्सीचा गिअरबॉक्स उतरवायचा होता. नानांनी पदपथाच्या कडेच्या दगडावर जॅक ठेवून गाडी उचलली. घोडी एकच होती. दुसरी आणायला ते शेजारच्या कारखान्यात गेले. जाताना विश्रामला म्हणाले, "थांब." विश्राम थांबला नाही. टॅक्सीवाला घाई करत होता. नुसता बोल्ट पाहून येतो म्हणून तो आत सरकला. दगडावरून जॅक निसटला.

लोक धावले आणि गाडी हातांनी उचलायला लागले. घोडी घेऊन येणाऱ्या नानांनी लांबूनच मूठ वर केली. ज्यांना त्या खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता तेही थांबले. नानांनी आधी गाडीखाली दगड सरकवला, मग एक वासा आणला, वाशाने गाडी चार बोटं वर केली, दुसरा दगड सरकवला. असं तीनदा. मग विश्रामला बाहेर काढलं. घाईत गाडी पुन्हा सुटली असती तर छाती गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. छाती वाचली. डावा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला.

त्यानंतर त्या दोघांत या विषयावर कधी गंभीर बोलणं झालं असेल, असं मला वाटत नाही. विश्राम टोमणे मारी. नाना ऐकून घेत.

संप विरला. गिरणीने दोघांनाही परत घेतलं नाही. विश्रामचा मुलगा विलास आयटीआय झाला, माहीमच्या एका गॅरेजात काम शिकला आणि संपानंतर दहा-बारा वर्षांनी त्याने चिंचपोकळीला स्वतःचं गॅरेज काढलं. जागा म्हणजे एक जुनं गोदाम. गिरण्यांच्या काळात तिथे कापसाच्या गाठी ठेवत. विश्राम दाराशी टेबल टाकून कामाच्या चिठ्ठ्या लिही. नाना आत. त्यांना हुद्दा नव्हता. विलास गिऱ्हाइकांना सांगे, "हे आमचे नाना. हे आधी जातात."

दाराशी बसायचं विश्रामला कारण होतं. उचललेल्या गाडीच्या दहा पावलांत तो येत नसे. मेकॅनिकला काही सांगायचं असलं तर टेबलावरून ओरडे. कुणी त्याला आत बोलवत नसे. अकरा वाजता नाना त्याचा चहा घेऊन टेबलापाशी जात आणि विश्राम रोज म्हणे, "काय रे, आज कोणाचो पाय खाल्लंस?"

"अजून नाय," नाना म्हणत. "दिवस मोठो आसा."

गॅरेज चाललं. नव्या प्रकारच्या गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. त्यांचं बहुतेक काम खालून. दिवसभर पाठीवर पडून मेकॅनिकांच्या माना धरू लागल्या. त्यात एका औषध कंपनीच्या व्हॅन दुरुस्तीला मिळण्याची शक्यता निर्माण झाली. वर्षभराचं काम. कंपनीची अट एकच, गॅरेजात लिफ्ट हवी. त्यांचा अधिकारी महिनाअखेरीस पाहायला येणार होता. विलासने या कामाच्या भरवशावर दोन मेकॅनिक आधीच ठेवले होते.

लिफ्ट निवडायचं काम त्याने नानांवर सोपवलं.

मी त्या दिवसांत तिथे वरचेवर जात असे. माझी स्कूटर जुनी होती, हे एक कारण. नानांनी प्रथम खड्ड्याचा विचार केला. जमिनीत लांब खड्डा खणायचा, वर गाडी उभी करायची, मेकॅनिक खाली उतरतो. काहीच उचलावं लागत नाही, म्हणून त्यांना तो आवडत होता. पण त्या भागात दोन हात खणलं की पावसाळ्यात पाणी वर येतं. शिवाय पेट्रोलची वाफ खाली साचते आणि एका ठिणगीत माणूस जातो. खड्डा बाद झाला. मग चार खांबांची लिफ्ट. तिच्यावर गाडी आपल्या चाकांवर उभी राहते, घसरायची भीती कमी. पण चाकं मोकळी होत नाहीत, ती काढायची तर वर आणखी जॅक लागतो, आणि गोदामाची अर्धी जागा तीच खाते. राहिली दोन खांबांची. दोन्ही बाजूंना एकेक खांब, त्यांतून निघणारे हात गाडीला पोटाखाली धरतात, चाकं चारही मोकळी. नानांनी बांबू लावून छत मोजलं. छपराचा भार धरणारी लोखंडी कैची खाली आलेली होती. वरून आडवी तुळई जाणारी लिफ्ट तिला आपटली असती. म्हणजे खांब वरून मोकळे आणि खालून जमिनीला बोल्टने घट्ट, अशी हवी.

विकणारे दोघे आले. दोघांनी आपापली लिफ्ट दुसऱ्यांच्या गॅरेजात चालवून दाखवली. पहिला टाय लावलेला होता. ती किती टन उचलते हे त्याने तीन वेळा सांगितलं.

"उचलते ते दिसलं," नाना म्हणाले. "तेल गेलं तर?"

"तेल कसं जाईल?"

"नळी फुटली. जाऊ दे तेल. गाडी कुठे थांबते?"

"आतमध्ये लॉक असतं ना, काका."

"मग तुम्ही खाली उभे राहा. मी नळी सैल करतो."

त्या माणसाने आधी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. दुसऱ्या एका भेटीची वेळ झाली होती असं त्याने सांगितलं.

दुसरा विक्रेता दादरचा देशपांडे नावाचा सडपातळ तरुण होता. नानांनी त्याला हेच सांगितलं. तो सरळ गाडीखाली जाऊन उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले.

"बाहेर या," नाना म्हणाले. "डोळे मिटलेत म्हणजे खात्री नाही. धीर आहे. चांगली गोष्ट आहे, पण आम्ही धीर विकत घ्यायला आलो नाही."

देशपांडे लाल झाला. मग सगळ्यांना लांब उभं करून नानांनी त्याच्या फिटरकडून खरोखरच नळी सैल करवली. तेल वाहिलं. गाडी चार बोटं खाली आली आणि आतल्या खटक्यावर कट् करून बसली. पुढे हलली नाही. नाना खाली गेले आणि चहा पिऊन होईल इतका वेळ उभे राहिले. येऊन म्हणाले, "हीच."

राहिली जमीन. विलासने विचारलं, "नाना, फरशी धरेल ना?"

नानांनी गोळी ठेवली. ती जागची हलली नाही. हातोडीने चार जागी ठोकून पाहिलं. मग म्हणाले, "या गोदामात छपरापर्यंत कापसाच्या गाठी असायच्या. भरलेल्या लॉऱ्या आत यायच्या. आमच्या टोळीने इथून पंप नेलाय. ही फरशी मला माहीत आहे. धरेल."

इतक्या सरळ शब्दांत त्यांनी भरवसा दिलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. विलासने त्याच दुपारी लिफ्ट मागवली.

अधिकारी यायच्या चार दिवस आधी लिफ्ट आली. फिटरने खांबाची जागा खडूने आखली आणि बोल्टसाठी पहिलं भोक पाडायला घेतलं. भोक सहा इंच जायला हवं होतं. तीन इंच जायच्या आतच ड्रिल एकदम आत बुडालं. फिटर पुढे झुकला, पडता पडता वाचला. ड्रिल बाहेर काढलं तेव्हा त्याच्या आट्यांत काळी भुकटी अडकली होती.

नाना खाली बसले. भुकटी त्यांनी दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"राख," ते म्हणाले. "बॉयलरची. आमचीच."

गिरण्यांच्या भट्ट्यांतून निघणारी राख गाड्या भरभरून आसपासच्या सखल जमिनीत टाकत आणि वरून पातळ फरशी करत. हे गिरणगावात सगळ्यांना ठाऊक होतं. नानांनी मला ते स्वतः सांगितलं होतं. तरुणपणी त्या राखेच्या गाड्या त्यांनी ढकलल्या होत्या. फरशी वर्षानुवर्षं गाठी पेलत राहिली, कारण गाठींचं वजन सगळीकडे पसरून बसतं. लिफ्टचा खांब तसा बसत नाही.

फिटर म्हणाला, "चालतं हो. लांब बोल्ट टाकतो. केमिकल घालून बसवतो. सगळीकडे असंच आहे या एरियात."

विलास म्हणाला, "टाका."

नानांनी मूठ वर केली.

"नाना, सोमवारी माणूस येतोय."

नानांची मूठ तशीच होती.

"तुम्हीच सांगितलंत ना फरशी धरेल म्हणून? तुमच्या शब्दावर मागवली मी."

"सांगितलं," नाना म्हणाले. "चुकलो मी. गाठी आठवल्या, राख आठवली नाही. माझ्या हातांनी टाकलेली राख." मग मूठ खाली न घेता त्यांनी त्याला समजावलं. "वाळूवर पाट टाक. माणूस बसेल. त्याच वाळूत काठी रोव आणि एका बाजूला ओलं लुगडं टांग. उभी राहील?"

"फिटर म्हणतोय राहील."

"फिटर उद्या इथे नसेल. खाली तुझी माणसं असतील."

विलास दाराकडे वळला. "बाबा, तुम्ही तरी सांगा यांना. माझं वर्ष जाईल."

विश्रामने टेबलावरून मान वर केली. सगळं ऐकलं होतं त्याने. "माका काय विचारतंस?" तो म्हणाला. "एक पाय नानाच्या जॅकान खाल्ल्यान. दुसरो तुझ्या लिफ्टीक देव काय?"

कुणी हसलं नाही. नानांची मूठ थोडी खाली आली आणि पुन्हा वर गेली. फिटरने ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली.

त्याच संध्याकाळपासून खणणं सुरू झालं. दोन्ही खांबांच्या जागी फरशी फोडली, राख काढली, खाली पिवळी घट्ट माती लागेपर्यंत गेले. जवळजवळ कमरेइतकं. वर पाणी येत होतं ते डब्यांनी उपसलं. सळया बांधल्या आणि दोन्ही खड्ड्यांना जोडणारा एकच मोठा काँक्रीटचा ठोकळा ओतला. काँक्रीट पुरतं आवळायला अठ्ठावीस दिवस लागतात. हे सिमेंटवाल्यानेही सांगितलं आणि नानांनीही.

सोमवारी कंपनीचा अधिकारी आला तेव्हा लिफ्ट दोरखंडात बांधलेली, भिंतीशी आडवी पडली होती. मधोमध ओल्या गोणपाटांनी झाकलेली जमीन. विलासने तोंड उघडण्यापूर्वी नाना पुढे झाले.

"जमीन मी पाहिली होती. चूक माझी आहे, मालकाची नाही. महिन्याने या, चालू असेल."

ते अधिकाऱ्याला कोपऱ्यात घेऊन गेले आणि काढलेल्या राखेचा ढीग दाखवला. तो सभ्य माणूस होता. त्याने ढीग पाहिला, मान हलवली आणि आपल्या कागदावर 'लिफ्ट कार्यरत नाही' असं लिहिलं. ते खरं होतं. काम वरळीच्या एका गॅरेजला गेलं. नव्या दोन मेकॅनिकांपैकी एक पंधरा दिवसांनी सोडून गेला.

विलास नानांशी बोलेनासा झाला. भांडला नाही, अपमान केला नाही. गिऱ्हाईक आलं की "हे आमचे नाना" म्हणणं तेवढं थांबलं. नाना सकाळी सर्वांआधी येत आणि काँक्रीटवर पाणी घालत. दुपारी पुन्हा घालत. रविवारी गॅरेज बंद असे, तेव्हा किल्ली मागून घेत. एकदा मी विचारलं, रोज दोनदा घालायची गरज आहे का.

"एकदा घातलं तरी चालतं," ते म्हणाले. "दुसरं माझ्यासाठी."

अकरा वाजता ते विश्रामला चहा नेऊन देत. विश्रामने त्या महिन्यात पायाचा टोमणा मारला नाही. नानांना त्यावाचून चुकल्यासारखं होत असावं. एकदा कप ठेवून ते थोडा वेळ उभे राहिले, आणि मग वळले.

अठ्ठाविसाव्या दिवशी विलासने फिटरला बोलावलं. नानांनी त्याला परत पाठवलं, दिवस संध्याकाळी पुरा होतो म्हणून. एकोणतिसाव्या सकाळी खांब उभे राहिले. बोल्ट सहा इंच गेले आणि ड्रिलला राख लागली नाही, करडी भुकटी लागली. नानांनी तीही वास घेऊन पाहिली.

मी त्या दिवशी तिथे होतो. माझी नागपूरला बदली झाली होती आणि स्कूटर विकण्याआधी दाखवायला नेली होती. पहिल्यांदा उचलायला एक टॅक्सी आणली. तिचाही गिअरबॉक्स पाहायचा होता. हा योगायोग होता. चिंचपोकळीला टॅक्सीच जास्त येत.

बटण नानांनी दाबलं. टॅक्सी वर जाऊ लागली. खटके पडत गेले, कट्, कट्, आणि नानांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. माणूस ताठ उभा राहील इतक्या उंचीवर त्यांनी बटण सोडलं, तरफ ओढून गाडी खटक्यावर बसवली आणि हाताने ढकलून पाहिली. टॅक्सी हलली नाही. बेअरिंगची गोळी काढून त्यांनी नव्या काँक्रीटवर ठेवली. मग ती खिशात टाकून ते गाडीकडे निघाले.

"थांब रे," मागून आवाज आला.

विश्राम टेबलापासून उठला होता. काठी टेकत, ताठ पाय फरफटवत तो आत येत होता. कामगार बाजूला झाले. दहा पावलांची ती जागा त्याने ओलांडली.

"आधी मी जातंय."

नाना वळले आणि त्यांनी मूठ वर केली.

"मूठ कोणाक दाखवतंस?" विश्राम म्हणाला. "इतकी वर्षां वाकाक येणा नाय म्हणान भायर बसलंय. हंय वाकाचा लागणा नाय. उभ्यान जातंय."

"उचललंय मी," नाना म्हणाले. "आधी मीच जाव होयो."

"मगे तूय ये. जागा आसा."

नानांची मूठ काही क्षण तशीच राहिली. मग उघडली. विश्रामने काठी टॅक्सीबाहेर, खांबाला टेकवून ठेवली आणि नानांच्या खांद्यावर हात टाकला. दोघे खाली गेले.

दोघांनी माना वर केल्या. विश्रामने हात उंचावून गिअरबॉक्स चाचपला, एका बोल्टवर अंगठा फिरवला आणि बोट नानांसमोर धरलं.

"ऑइल गळता हा."

नानांनी त्याचं बोट नाकाशी नेलं. "जुना आसा," ते म्हणाले.

मग दोघे तसेच उभे राहिले, वर पाहत. एक कप चहा पिऊन व्हावा इतका वेळ गेला. त्याहून जास्त गेला. 'जा आता' हे शब्द आले नाहीत. पाना हातात घेऊन ताटकळलेला मेकॅनिक शेवटी एक पाऊल पुढे सरकला.

विलासने त्याच्याकडे न पाहता मूठ वर केली.